सूर घरून लावून या

पहिलाच सूर वाजला आणि आत्या "ब्रेक!" म्हणून ओरडली. तिच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकाऊ माणसाने सिग्नल तोडला की ती जशी ओरडते, अगदी तशीच.

सगळे थांबले. ड्रमवर बसलेल्या जावयाने झांजेवर तळवा ठेवून तिचा किणकिणाट दाबला. पडद्यांच्या दुकानामागचं हे गोदाम. मखमलीचे तागे छतापर्यंत रचलेले, त्यामुळे इथे कुठलाही आवाज जागच्या जागी मरतो. आत्ता निघालेला आवाज मात्र त्या ताग्यांनाही गिळवला नसावा.

"हे काय होतं?" आत्याने बास गिटारच्या तारांवर हात दाबून धरत विचारलं.

"ते तूच सांग," डेंटिस्ट म्हणाला. तो तिचा धाकटा भाऊ, गिटारवर. "माझी गिटार बरोबर आहे."

"ॲक्सिडेंटनंतर प्रत्येक जण हेच म्हणतो."

दोघांनी एकदमच थोरल्या भावाकडे पाहिलं. सूर चुकला की पहिली शिवी त्याच्या तोंडून यायची, ही या घराची रीत. तो आपल्या गिटारकडे बघत होता. मग म्हणाला, "मी चहा घेऊन येतो," आणि जिना चढून गेलासुद्धा.

या माणसाने लग्नानंतर कधी स्वतःचा चहा स्वतः आणला असेल, तर ते त्याच्या बायकोलाही आठवलं नसतं.

भोंगा. हे टोपणनाव त्याला कुणी दिलं याबद्दल घरात तीन मतं आहेत आणि तिघेही स्वतःचंच नाव घेतात. एकेकाळी त्याचा आवाज माइक बंद पडला तरी मैदानाच्या शेवटच्या रांगेपर्यंत जायचा. मग एका कार्यक्रमात ऐन गाण्यात घसा बसला, आणि घशाबरोबर तोही बसला. घसा पुढे बरा झाला. भोंगा मात्र स्टुडिओकडे फिरकला नाही. बायकोच्या दुकानासाठी लोकांच्या खिडक्यांची मापं घेत हिंडू लागला. दार उघडणाऱ्या बायका क्षणभर त्याच्याकडे बघत राहायच्या. "अगं बाई, तुम्ही ते भोंगा ना?" तो म्हणायचा, "रॉड आतून लावायचा की बाहेरून?"

आणि आता इतक्या वर्षांनी अल्बम. नाव 'अजून आहे'. बाकीची गाणी त्याने एकट्याने, खुर्चीत बसून, जवळजवळ पुटपुटत रेकॉर्ड केली होती, आणि ती खरोखर चांगली झाली होती. पण कंपनीचं म्हणणं स्पष्ट होतं. नावाचं गाणं जुन्या बँडबरोबर, म्हणजे भावाबहिणीबरोबर, हवं आणि त्याच्या शेवटी भोंग्याची ती लांब आरोळी हवी. आरोळी नाही तर अल्बम नाही. उद्या गोदामात नवा माल उतरणार होता. म्हणजे जे काय व्हायचं ते आज, दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी.

भोंग्याच्या कामाचे दोन नियम होते आणि त्यांवर घरात कधी चर्चा झाली नव्हती. वाजवणाऱ्यांनी आधी एकत्र तालीम करायची नाही. प्रत्येकाने आपापल्या घरी बसवायचं आणि पहिली भेट थेट रेकॉर्डिंगला. एकदाच वाजवायचं, दुसरा टेक नाही. आणि दुसरा नियम, "सूर घरून लावून या. माझ्यासमोर टिंगटिंग नको." गाण्याचा नमुना त्याने सगळ्यांना पाठवला होता. जुन्या उंच पट्टीतली गिटार, तिच्यावर नुसतं गुणगुणणं, आणि आरोळीच्या जागी बोलण्याच्या आवाजात, "इथे ओरडायचं."

तो नमुना डेंटिस्टने दोन पेशंटांच्या मध्ये, हातमोजे न काढता ऐकला होता. ते "इथे ओरडायचं" ऐकलं आणि दादाचा गळा आता तिथवर पोचत नाही, हे तो समजला. दाढ काढायची आहे हे माहीत असूनही "नुसतं बघून घ्या हो डॉक्टर" म्हणणारी माणसं त्याच्याकडे रोज येतात.

जिन्यावरची पावलं विरल्यावर तो बहिणीजवळ सरकला.

"ताई, खरं सांग. तू तारा उतरवल्यास?"

"मी? मी कशाला उतरवू?"

"कारण मी उतरवल्यात."

आत्याने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "किती?"

"अर्धा सूर."

"अर्धा! अर्ध्याने काय होणारे? मी चांगला अख्खा उतरवलाय."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू मला सांगितलंस?"

मग डेंटिस्ट, पेशंटला गुळणी करायला सांगावं तितक्या सबुरीने, म्हणाला, "बरं. तू खाली गेलीस. बाकीचे खाली कसे येणार होते?"

"बासच्या मागे सगळे जातात. आपोआप. पुढची गाडी वळली की मागची वळते."

"गिटारच्या खुंट्या आपोआप फिरतात?"

"तुझा काय हिशेब होता मग?"

"गाणारा गिटारच्या मागे जातो. दादाला कळलंही नसतं."

"आणि मी? मी कुठे असते?"

डेंटिस्टने याचा विचार केला नव्हता. बास वाजवणारीचा विचार कुणीच केला नव्हता, आजवर कधीच, आणि आत्याच्या तक्रारींच्या खात्यावर ही बाब फार जुन्या काळापासून मांडलेली होती. ती तोंड उघडणार, एवढ्यात कोपऱ्यातला छोटा स्पीकर खरखरला.

"काका, आत्या, माइक चालू आहेत."

हा आवाज भोंग्याच्या लेकीचा. ती पलीकडच्या खोलीत, कापड बेतायच्या टेबलावर लॅपटॉप आणि वायरींचा पसारा मांडून बसली होती. एरवी ती लोकांना फोनवर ताटकळत ठेवणारे आवाज रेकॉर्ड करते, "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे" वगैरे. हा तिचा पहिला खराखुरा अल्बम. काका आणि आत्याची कबुली ऐकून तिला हसू यायला हरकत नव्हती, पण हसावं इतकी ती स्वच्छ नव्हती. बाबांचा घसा काय म्हणतो हे तिला त्या पुटपुटलेल्या गाण्यांपासून माहीत होतं. पडलेला आवाज उचलून वर नेऊन बसवणारी सोय तिच्या लॅपटॉपमध्ये होती. आज जसं होईल तसं घ्यायचं आणि नंतर एकटीने आरोळी जागेवर बसवायची, असं तिने ठरवलं होतं. तिनेही कुणाला सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात भोंग्याची बायको गोदामाच्या दारात आली. दंडाला टाचण्यांची उशी तशीच, सुट्टी असली तरी.

"वहिनी, दादा चहा करतोय ना?" आत्याने विचारलं.

"ते गच्चीवर गेलेत. गिटार घेऊन."

"मी मघाशीच विचारणार होतो," ड्रममागून जावई, लेकीचा नवरा, म्हणाला. पेशाने तो फिजिओथेरपिस्ट, लोकांचे खांदे मोकळे करतो. "चहा आणायला गिटार कशाला नेली?"

"मग विचारलं का नाहीस?" डेंटिस्ट खेकसला.

"मला इथे कोण विचारतंय?"

पलीकडे लेकीने मघाच्या त्या सुरातला बाबांच्या गिटारचा माइक वेगळा काढून ऐकला. मग पुन्हा ऐकला. मग स्पीकरमधून म्हणाली, "बाबांची गिटारसुद्धा उतरवलेली होती. दीड सूर."

"दीड!" आत्या मटकन स्पीकरच्या खोक्यावर बसली. "म्हणजे स्वतःच? आणि मी आपली रात्रभर तळमळतेय, की त्याचा मान राखायचा कसा!"

"मला तर त्याने नमुना पाठवताना लिहिलं होतं, 'पट्टी बदलायची नाही,'" डेंटिस्ट म्हणाला. "उद्गारचिन्हासकट."

"वहिनी, तुम्हाला माहीत होतं?"

"मला त्यांचा आवाज रोज बाथरूममधून ऐकू येतो. माहीत नसायला काय झालं?" तिने टाचण्यांच्या उशीवरची एक टाचणी काढून पुन्हा तिथेच खोचली. "म्हणून तर मी कंपनीला फोन केला."

"काय केलं?"

"म्हटलं, ती आरोळी नसली तर चालेल का. तिथल्या बाई म्हणाल्या, आरोळी आहे म्हणून तर घेतोय."

डेंटिस्टने कपाळाला हात लावला. मघापर्यंत तो आणि आत्या एकमेकांच्या उरावर होते. आता दोघे एका बाजूला झाले आणि वहिनी पलीकडे. पण ही युतीसुद्धा फार टिकली नाही, कारण आता कुणी किती खाली यायचं हा प्रश्न निघाला, आणि आत्याला सैल बास आणखी सैल करायची नव्हती.

"आताच तारा लोंबतायत. कपडे वाळत घालता येतील."

"दादा दीडवर आहे ना? मग आपण दीडवर. विषय संपला."

"आपण त्यांना सरळ सांगूया ना," स्पीकरमधून लेक म्हणाली.

"नाही!" काका, आत्या आणि आई एकदम म्हणाले. त्या दिवसातला हा एकमताने झालेला एकमेव ठराव. लेकही मग फार ताणू शकली नाही. लॅपटॉप समोर उघडाच होता.

दोघांनी घाईघाईने खुंट्या पिळल्या.

गच्चीवर भोंगाही तेच करत होता, पण उलट्या दिशेने. त्याच्या मनात त्या सुराचा निकाल केव्हाच लागला होता. भाऊ आणि बहीण आपला शब्द पाळून जुन्या पट्टीत लावून आले, आणि चोर एकटा मी. तीन गिटारी तीन ठिकाणी होत्या हे त्याच्या कानांनी ओळखलं नाही, कारण चोरी पकडली गेल्यावर माणसाला फक्त आपलीच चूक ऐकू येते. त्याने एकेक तार चढवली, पार पूर्वीच्या जागी. वरची तार इतकी ताणली गेली की तो तोंड बाजूला करून खुंटी फिरवत होता. फाटला घसा तर फाटला. निदान खोटं तरी नको. मग त्याने सांगितल्याप्रमाणे चहाही केला. साखर विसरला.

"लाजवाब झालाय," चहाचा घोट घेत आत्या म्हणाली.

"वा," डेंटिस्ट म्हणाला.

"चला," भोंगा म्हणाला. "मघाशी माझं बोट घसरलं. आता नाही घसरणार."

"छे छे, बोट माझंच घसरलं," डेंटिस्ट म्हणाला.

जावयाने काठ्या एकमेकींवर आपटून चार मोजले.

यावेळचा आवाज मघाच्यापेक्षा वाईट होता. मघाशी तिघे आपापले भांडत होते, आता दोघे मिळून एकाच्या अंगावर धावून गेले. कोपऱ्यातल्या हुकांचा डबाही त्यात थरथरू लागला.

"आता कोण?" भोंगा गरजला.

डेंटिस्ट गिटारच्या तारा पुसू लागला.

"मी बोलू का?" जावयाने विचारलं.

"नको," आत्या आणि डेंटिस्ट म्हणाले.

"बोल," भोंगा म्हणाला.

"काका अर्धा खाली होते, आत्या एक, तुम्ही दीड. मग तुम्ही वर जाऊन पहिल्या जागी आलात आणि तोपर्यंत हे दोघे दीडवर गेले." त्याने काठीने झांजेकडे बोट दाखवलं. "ड्रम जिथे होते तिथेच आहेत."

भोंग्याला हा जमाखर्च कळायला थोडा वेळ लागला. मग त्याचा चेहरा बदलत गेला.

"म्हणजे तुम्ही मला न सांगता…"

"आणि तू आम्हाला सांगून केलंस?" आत्या उठली. "वर पुन्हा 'पट्टी बदलायची नाही!' उद्गारचिन्ह!"

"माझी कीव करायची काही गरज नव्हती."

"कीव? दादा, आम्ही इतकी वर्षं तुझ्या आवाजाच्या मागे धावलो, आता जरा हळू धावलो तर ती कीव?"

"मला विचारायचं होतं!"

"कसं विचारायचं?" डेंटिस्टचा आवाज चढला. हा आवाज त्याच्या दवाखान्यात कुणी ऐकला नसेल. "तुझ्यासमोर खुंटीला हात लावायची चोरी! टिंग वाजलं की तू तोंड फिरवणार. तुला विचारायचं म्हणजे काय विचारायचं, की दादा, तुझा तो आवाज आता…"

पुढचं त्याने गिळलं. पण गिळलेलं सगळ्यांना ऐकू गेलं.

भोंगा स्पीकरकडे वळला. "आणि तू? तुला तर कधीपासून ऐकू येत होतं."

"हो," लेकीचा आवाज आला. "मी नंतर मशीनवर उचलून वर बसवणार होते. तुम्हाला कळलंही नसतं."

भावाने, बहिणीने केलं त्यापेक्षा हे त्याला जास्त लागलं, हे त्याच्या बायकोला दारातूनही दिसलं. त्यांनी निदान आवाज लपवायला जागा करून दिली होती. लेक तो पुसून दुसराच लावणार होती. त्याने गिटारचा पट्टा खांद्यावरून काढला, गिटार पेटीत ठेवली आणि पेटीच्या कड्या एकेक करून लावल्या.

"गुंडाळा सगळं. उद्या माल येतोय, जागा मोकळी करा. कंपनीला मी कळवतो."

"मी घरी जाऊ?" जावयाने विचारलं.

"कुणी कुठे जायचं नाही," भोंग्याची बायको म्हणाली. आवाज चढवला नव्हता, पण गिऱ्हाईकाने कापलेलं कापड परत आणलं की ती अशीच बोलते. "लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून बघतेय. एक माणूस सरळ बोलेल तर शपथ. हा त्याला सांभाळतो, ती याला सांभाळते, आणि सांभाळता सांभाळता सगळा खेळखंडोबा. मीसुद्धा यांच्यातलीच झाले. फोन करून बसले."

"कुठे फोन केलास?" भोंग्याने विचारलं.

"ते नंतर. गिटार पेटीत गेली ते बरंच झालं. आता गिटारशिवाय गा."

"काय गा?"

"शेवटची ओळ. तुमचा आवाज आज कुठे लागतो ते यांना ऐकू दे. मग हे तिथे येतील."

"असं? सगळ्यांसमोर?"

"नाहीतर बाथरूममध्ये जाऊन गा. तिथे छान गाता."

आत्याला हसू आलं. ते दाबायला तिने तोंड मखमलीच्या ताग्याकडे वळवलं. भोंगा उभाच राहिला. त्याच्या सगळ्या आयुष्यात बँड आधी वाजायचा आणि तो वरून उतरायचा. मोकळ्या खोलीत, पाठीशी काही नसताना, आधी आवाज काढायची त्याच्यावर कधी वेळ आली नव्हती.

मग भोंगा गायला. ओरडला नाही, नुसती ती ओळ म्हटली. आवाज दीडच्याही खाली गेला. जाडसर, कडेला थोडा विरलेला, पण तिथे स्थिर. आत्याने हसू आवरायला वळवलेलं तोंड पुन्हा इकडे केलं.

"दोन," स्पीकरमधून लेक म्हणाली. "पूर्ण दोन सूर खाली."

"दोन तर दोन," आत्या म्हणाली. "लावा."

"इथेच?" डेंटिस्टने भावाकडे बघत विचारलं.

"नाही, घरी जाऊन लाव आणि ये," भोंगा म्हणाला.

दोघांनी खुंट्यांना हात घातला. टिंग. टिंग. टुंग. पुन्हा टिंग. भोंग्यानेही पेटी उघडून गिटार काढली आणि तारा उतरवल्या. तो डोळे मिटून ते ऐकत होता. दवाखान्याच्या खुर्चीत आ वासून पडलेली माणसं अशीच डोळे मिटतात, डेंटिस्टला वाटलं, दुखायच्या आधीच. आत्याचं लवकर जमेना. एक तार खाली जाऊन पुन्हा वर यायची.

"थोडी वर," भोंगा डोळे न उघडता म्हणाला. "अजून. आता बरोबर."

तिसऱ्यांदा जावयाने चार मोजले आणि या वेळी गाणं उभं राहिलं. खाली उतरल्यामुळे ते जड झालं होतं. बासच्या सैल तारांचा घुमारा थेट पायांतून यायचा आणि गिटार त्याच्या वर शांतपणे चालायची. आत्याचा पाय ठेक्यावर पडत होता. भोंग्याने दोन्ही कडवी डोळे उघडे ठेवून म्हटली. मग शेवट आला. त्याने मान मागे टाकली आणि 'अजून आहे' अशी आरोळी ठोकली. ती निघाली मोठ्या थाटात, अर्ध्यापर्यंत गेली, आणि तिथे तिचा दम तुटला. उरलेली त्याने कशीबशी ओढत नेली.

शेवटची झांज विरली.

"कसं झालं?" भोंग्याने विचारलं.

"छान," डेंटिस्ट म्हणाला.

"एकदम फर्स्टक्लास," आत्या म्हणाली.

बायकोने टाचण्यांच्या उशीकडे पाहिलं. जावयाने दोन्ही काठ्या एका हातात घेतल्या आणि छताकडे पाहिलं.

भोंगा त्यांच्यापैकी कुणाकडेच बघत नव्हता. तो कोपऱ्यातल्या त्या छोट्या स्पीकरकडे बघत होता.

पलीकडच्या खोलीत लेकीच्या पडद्यावर त्या आरोळीची रेघ दिसत होती. वर जात जात मध्येच खचलेली. ती उचलायला एक बोट पुरलं असतं. "झालं" म्हटलं की सगळे मोकळे. कंपनी खूश, अल्बम तयार, उद्या माल उतरायला जागाही होईल. आणि खरं बोललं तर बाबा पुन्हा पेटीच्या कड्या लावतील. या वेळी लावल्या तर कायमच्या. तिने ओठ चावला. बोट मशीनच्या खटक्याकडे गेलं, तिथून परतलं, आणि तिने बोलायचं बटण दाबलं.

"बाबा, आरोळी मध्येच पडली. पुन्हा घ्यावं लागेल."

आत्याने "अगं" म्हणायला तोंड उघडलं होतं, ते उघडंच राहिलं. रेकॉर्डिंगमध्ये या माणसाला "पुन्हा" असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. डेंटिस्टची नजर पेटीवर होती. पेटी उघडी होती, भोंग्यापासून हातभर अंतरावर.

"कुठे पडली?" भोंग्याने विचारलं.

"'अजून' म्हटल्यावर लगेच. श्वास संपला होता."

"कडवं संपल्यासंपल्या घेतली म्हणून."

"हो. मध्ये थांबा थोडे. आत्या बासवर तेवढा वेळ धरून ठेवेल."

"मी?" आत्या म्हणाली.

"तूच," भोंगा म्हणाला. "मी श्वास घेईपर्यंत सोडायचं नाही. जमेल?"

"तू किती वेळ घेणारेस त्याच्यावर आहे."

त्याने खांद्यावरचा पट्टा नीट केला, एक तार हळूच वाजवून पाहिली, सगळ्यांसमोर, आणि जावयाकडे वळला.

"मोज."